देश शब्द का पाळतात, का मोडतात? सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मी पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हा धडा आला की वर्ग दोन गटांत फुटतो. एक गट म्हणतो, करार म्हणजे कागद, शेवटी बळी तो कान पिळी. दुसऱ्याला वाटतं, संयुक्त राष्ट्रांनी मनावर घेतलं तर सगळं सुटेल. मला दोन्ही पटत नाहीत. देश सज्जन आहेत म्हणून शब्द पाळत नाहीत, आणि दांडगे आहेत म्हणून रोज मोडतही नाहीत. ते हिशोब करतात. हा हिशोब कोणत्या नियमांनी मांडलाय, माहिती कुणाकडे आहे आणि नुकसान कुणाच्या अंगावर पडतं, यावर त्यांचं वागणं बरंचसं ठरतं. मुलं, त्यांचे पालक, बेदाण्याचे व्यापारी, नदीकाठचे शेजारी पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र ठेवली आहेत.

देशांच्या वर पोलीस नाही, बेलिफ नाही. मग करार पाळायचेच कशाला?

मार्केट यार्डात अडत्या शेतकऱ्याची पट्टी वेळेवर देतो. त्यामागे कायदा असतोच, पण कायद्याच्या आधी एक साधी गोष्ट असते. पुढच्या आठवड्यात तोच शेतकरी आपली हळद शेजारच्या दुकानी लावू शकतो, आणि कुणाची पट्टी थकली ही बातमी पेठेत संध्याकाळपर्यंत पसरते. एकदा बुडवून मिळणारी रक्कम मोठी असते, पण दहा वर्षांचा धंदा त्याहून मोठा असतो.

देशांचं बरंच वागणं याच हिशोबावर चालतं. १८७४ मध्ये बर्न इथं टपालाची जागतिक संघटना उभी राहिली. त्याआधी प्रत्येक देशाला दुसऱ्या प्रत्येक देशाशी वेगळा करार करावा लागे. आज मिरजेहून टाकलेलं पत्र ज्या देशात जातं, तो देश ते पोचवतो, कारण त्याचीही पत्रं आपल्याकडे यायची असतात. विमानांच्या मार्गांचं तसंच, फोनच्या देशक्रमांकांचंही तसंच. हे करार वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण ते मोडतच नाहीत. मोडलेले तेवढे आपल्या डोळ्यांसमोर राहतात आणि सगळे करार तसेच वाटू लागतात.

मोह होतो तो वेगळ्या ठिकाणी. डाव एकदाच खेळायचा असतो आणि मोठा असतो, किंवा फसवलेलं समोरच्याला कळणारच नसतं, किंवा पुढच्या निवडणुकीपलीकडे बघायला सरकारला सवड नसते. संस्थेची गरज नेमकी अशाच जागी लागते.

'संस्था' म्हणजे जिनिव्हा-न्यूयॉर्कमधल्या त्या इमारती का?

नाही. इमारत नसली तरी चालतं. व्यापाराचा गॅट करार १९४८ पासून ४७ वर्षं चालला, आणि कागदोपत्री तो संघटना नव्हताच. जागतिक व्यापार संघटना १९९५ मध्ये आली. संस्था म्हणजे ठरलेले नियम, ठरलेल्या तारखांना भेटण्याचं बंधन, मोजणीची एकच पद्धत, आणि वाद झाला तर कुठं जायचं याचं आधीच ठरलेलं उत्तर. आपल्याकडच्या पाणीपुरवठा संस्थेचं ऑफिस एका खोलीचं असतं, पण पाळीपत्रक भिंतीवर लागलेलं असेल तर संस्था जिवंत आहे असं समजायचं.

सहकार्य सगळ्यांच्याच फायद्याचं असेल, तर अडतं कुठं?

याचं सर्वांत चांगलं उत्तर पुस्तकात नाही, आपल्या गाळप हंगामात आहे. ऊस कच्चा असताना तोडला तर साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, कमी पडतो. हे प्रत्येक कारखान्याला माहीत असतं. तरीही जो आधी धुराडं पेटवतो तो शेजारच्या कार्यक्षेत्रातला ऊस ओढून नेतो, म्हणून कुणालाच थांबणं परवडत नाही. प्रत्येक जण शहाणपणानंच वागतो, आणि सगळे मिळून साखर घालवतात. म्हणून राज्यात हंगामाची तारीख मंत्री समिती ठरवते आणि परवान्याशिवाय गाळप करता येत नाही.

पण हा नियम राज्याच्या हद्दीत चालतो. मिरज आणि जतच्या सीमेलगत कर्नाटकातले कारखाने आधी सुरू झाले की उसाची पळवापळवी सुरू होते आणि आपल्याकडची तारीख तिथं कुणाला बांधत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारनं परराज्यात ऊस पाठवण्यावर बंदी घातली. जास्त दर देणाऱ्याला ऊस घालण्याचा आमचा हक्क का काढता, असा शेतकऱ्यांनी जाब विचारला, आणि ती बंदी काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. शेतकऱ्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पण वर दोघांना बांधणारं कुणी नसलं की एकट्यानं केलेला नियम कसा लंगडा पडतो, हेही त्यात दिसतं.

जागतिक धान्यबाजारात हेच चित्र मोठ्या आकारात दिसतं. भाव चढले की प्रत्येक देश आपल्या माणसांसाठी निर्यात थांबवतो. २००७-०८ मध्ये तांदळाचं तसंच झालं. एकानं दार लावलं की दुसरा घाबरून लावतो आणि भाव आणखी चढतो. त्यानंतर २०११ मध्ये जी-२० च्या कृषिमंत्र्यांनी गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन यांचे साठे, पीक आणि भाव यांची माहिती एकत्र करणारी व्यवस्था उभी केली. निम्मी घबराट अंदाजावर चालते, म्हणून आकडे उघडे ठेवल्यानं उपयोग होतो. पण माहितीनं सगळं भागत नाही. १३ मे २०२२ ला भारतानं गव्हाची निर्यात थांबवली, ती आकडे दिसत होते तरीही. घरचा भाव हे कारण बाहेरच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जड होतं.

ओझोनचा करार जमला. हवामानाचा का रखडतो? शास्त्र तर दोन्हीकडे पक्कं आहे.

शास्त्र पक्कं असणं पुरेसं नसतं, हेच या जोडीवरून शिकण्यासारखं आहे. मी या प्रश्नाला एक अख्खा तास देते.

१९८७ चा माँट्रियल करार ओझोन खाणाऱ्या वायूंवर होता. तेव्हा घरच्या फ्रिजमध्ये त्यातलाच सीएफसी हा वायू असायचा. करार लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी केल्या. कराराबाहेर राहणाऱ्या देशाशी या वायूंचा व्यापार करायचा नाही असं ठरवलं, म्हणजे बाहेर राहून फुकटचा फायदा घेण्याची सोयच संपली. विकसनशील देशांना दहा वर्षांची जादा मुदत दिली. आणि १९९० मध्ये लंडनला निधी मंजूर केला. भारत आणि चीनची भूमिका स्पष्ट होती. वातावरण बिघडवलं तुम्ही, आता नव्या तंत्राचा खर्च आम्ही एकट्यानं का उचलायचा? निधी ठरल्यावर भारत १९९२ मध्ये करारात आला आणि २००८ मध्ये इथं सीएफसीचं उत्पादन थांबलं, ठरलेल्या मुदतीच्या आधी. त्या निधीतून आजवर चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम गेली आहे. जगातला प्रत्येक देश त्या करारात आहे. भारत तेव्हा हट्टीपणा करत होता असं लिहिलेलं मी वाचलं आहे, ते मला मान्य नाही. तो आग्रह नसता तर निधी झाला नसता, आणि निधीशिवाय करार अर्ध्या जगाचाच राहिला असता.

हवामानाचं गणित वेगळं आहे. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्याय हाताशी येत होता. कोळसा आणि तेल मात्र प्रत्येक चुलीत, पंपात, ट्रकमध्ये आहे. कपातीचा खर्च आज आणि आपल्याच मतदारावर पडतो, तर फायदा सगळ्या जगाला आणि उद्या मिळतो. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर कपातीचं बंधन होतं. अमेरिकेच्या सेनेटनं त्या जुलैतच ९५ विरुद्ध शून्य मतांनी बजावलं होतं की विकसनशील देशांना बंधन नसलेला करार आम्हाला चालणार नाही. अमेरिकेनं सही केली, पण तो कधी मंजूर केला नाही. कॅनडानं २०११ मध्ये बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. शिक्षा होण्याआधी दार उघडून निघून जाता येत असेल, तर शिक्षेचं कलम शोभेचं ठरतं.

म्हणून २०१५ च्या पॅरिस करारात उलटा रस्ता धरला. प्रत्येक देशानं आपलं लक्ष्य आपणच ठरवायचं, ते जाहीर करायचं, दर पाच वर्षांनी वाढवायचं. सक्ती फक्त हिशोब दाखवण्याची. यामुळे सगळे आत आले, पण जोर कमी झाला. अमेरिका २०२० मध्ये बाहेर गेली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय झाला. सगळ्यांना आत घेणारा करार सैल निघतो आणि घट्ट करार मोजक्यांनाच पेलतो. या अडचणीतून अजून कुणी पुरतं सुटलेलं नाही. मात्र सौर पटल स्वस्त झाल्यानं हिशोब जितका बदलला, तितका तो भाषणांनी बदलला नाही, असं मला वाटतं.

ब्राझीलनं आपल्या उसाविरुद्ध तक्रार का केली? आणि निकाल लागूनही काही झालं का नाही?

सांगलीत हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा ऊस असतो.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. तक्रारी दोन होत्या. पहिली, एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) आणि काही राज्यांचे त्याहून जास्त दर मिळून भारत उसाला मर्यादेपलीकडे आधार देतो. विकसनशील देशांना ही मर्यादा उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के आहे. दुसरी, साखरेच्या निर्यातीला अनुदान. ते होतंच. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टनांसाठी टनाला १०,४४८ रुपये असा दर होता. भारतातून स्वस्त साखर बाहेर पडली की जागतिक भाव उतरतो आणि ब्राझीलच्या ऊस उत्पादकाच्या खिशातून पैसे जातात. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गेलो असतो.

भारताचं म्हणणं असं की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, मग ते सरकारी अनुदान कसं? १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात व्यापार संघटनेच्या तंटा समितीनं हे मानलं नाही. पैसे कुणाच्याही खिशातून जावोत, भाव सरकारनं ठरवून दिला तर तो आधारच, असं तिनं म्हटलं. इथं एक गोष्ट मला खरोखर अन्यायाची वाटते. आधार मोजताना आजचा दर १९८६ ते १९८८ च्या जागतिक भावाशी ताडून पाहिला जातो. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याच्या उसाचा टनाला ३,५५० रुपयांचा दर चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाशेजारी ठेवला, तर फरक राक्षसी दिसणारच. त्या काळानंतर खताचं पोतं, डिझेल, तोडणी कुठल्या कुठं गेली. मोजपट्टी कोण ठरवतो, हाही सत्तेचाच प्रश्न असतो.

निकालानंतर भारतानं डिसेंबर २०२१ मध्येच अपील केलं. पण अपील ऐकणार कोण? व्यापार संघटनेच्या अपील मंडळात सात सदस्य असतात आणि एका खटल्याला तिघे लागतात. नेमणूक सर्वांच्या संमतीनं होते. अमेरिकेनं संमती देणं थांबवलं, आणि ११ डिसेंबर २०१९ पासून तिघे उरलेच नाहीत. अपील पडून आहे म्हणून निकालही लागू होत नाही. काही देशांनी २०२० मध्ये आपसात पर्यायी लवाद उभा केला. त्यात ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया आहेत, भारत नाही.

'मग आपला फायदाच झाला' असं वर्गात कुणी तरी म्हणतंच. आजपुरता झाला, हे खरं. पण उद्या आपल्या हळदीवर किंवा द्राक्षांवर कुणी अन्यायाचा कर लावला, तर आपण दाद मागायची ती याच बंद दारापाशी.

या भांडणाचा पुढचा भाग मला जास्त शिकवून गेला. २०२१-२२ मध्ये भारतानं अनुदानाशिवाय शंभर लाख टनांहून जास्त साखर निर्यात केली, आणि पुढं देशातल्या टंचाईच्या भीतीनं निर्यातीवर मर्यादा आणल्या. दरम्यान रस इथेनॉलकडे वळला. पेट्रोलमधलं मिश्रण २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्के झालं. भारताचा ऊस इंधनात गेला तर जागतिक बाजारात साखर कमी येते, आणि ते ब्राझीलला हवंच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत जागतिक जैवइंधन आघाडी जाहीर झाली, तेव्हा तक्रार करणारा तोच ब्राझील भारताच्या शेजारी बसला होता. तक्रार कागदावर तशीच आहे, हित मात्र जुळलं.

म्हणजे मोठे देश हवं तेव्हा संस्था बंद पाडतात. नियम फक्त लहानांनाच ना?

मोठ्यांचं पारडं जड असतं हे नाकारण्यात अर्थ नाही. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार तर उघडच लिहून ठेवलेला आहे. पण 'फक्त' हा शब्द चुकतो. २००५ मध्ये याच व्यापार संघटनेत ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपीय संघाला साखरेच्याच अनुदानावर हरवलं. २००६ मध्ये युरोपनं साखरेचा आधारभाव ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं, आणि मोठा निर्यातदार असलेला युरोप आयातीकडे वळला. दंडुका दाखवून थायलंडला हे कधी जमलं नसतं. युरोपात आतूनही सुधारणा हवी असणारी माणसं होती, आणि निकालानं त्यांच्या हाती कारण दिलं. बाहेरचा नियम बहुतेक वेळा असाच काम करतो. घरातल्या भांडणात तो एका बाजूला बळ देतो.

हळदीचं पेटंट अमेरिकेनं चोरलं होतं, हे खरं का?

अर्धं खरं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. जखमेवर हळद दाबायची हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. पण पेटंट कचेरीत आजीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढं ठेवला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अमेरिकेच्याच कचेरीनं, अमेरिकेच्याच नियमानं, अमेरिकेच्या विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. नियम वाचणारा माणूस आपल्या बाजूला असेल तर किती फरक पडतो, याचं हे माझं आवडतं उदाहरण. पुढं २००१ पासून पारंपरिक ज्ञानाची संगणकीय नोंद सुरू झाली, म्हणजे पेटंट तपासणाऱ्याला पुरावा आधीच हाताशी मिळतो. मे २०२४ मध्ये जिनिव्हात या विषयावर स्वतंत्र करारही झाला.

यातला दुसरा धागा सांगलीकरांनी विशेष लक्षात ठेवावा. व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात एक कलम आहे. आपल्या मालाच्या भौगोलिक नावाला आपल्याच देशात संरक्षण नसेल, तर दुसऱ्या देशावर ते देण्याचं बंधन नाही. आधी घर नीट करा, मग शेजाऱ्याकडे मागा. भारतानं १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला त्यामागे हे कारण होतं. त्याच कायद्याखाली २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवणाऱ्यांपर्यंत जिनिव्हातलं एक कलम असं पोचतं.

युरोपच्या रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या रसायनांच्या अंशाच्या) अटी हे सहकार्य की अडवणूक?

तासगाव-कवठेमहांकाळच्या बागायतदारांना २०१० विसरता येणार नाही. युरोपात द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे सीसीसीचा अंश मर्यादेहून जास्त सापडला. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. नियम तिकडे होता, इकडे कुणी मोजतच नव्हतं. कंटेनर अडकले. त्यानंतर ते यादीत आलं. बागेची नोंदणी, नमुन्याची तपासणी आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येणारी ग्रेपनेट व्यवस्था अंगवळणी पडली.

अट जाचक असते, पण ती लिहिलेली, सगळ्यांना सारखी आणि आधी जाहीर झालेली असेल तर तिच्याशी जुळवून घेता येतं. अडवणूक कधी म्हणायची? अट रातोरात बदलते किंवा तिच्यामागं शास्त्र दाखवता येत नाही तेव्हा. व्यापार संघटनेचा नियम असा की कोडेक्सच्या, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय, मानकाहून कडक अट घालायची तर धोक्याचं शास्त्रीय मूल्यमापन दाखवावं लागतं. मसाल्यांच्या कोडेक्स समितीचं यजमानपद भारताकडेच आहे. ज्या टेबलावर नियम लिहिला जातो तिथली खुर्ची सोडायची नसते.

पुराच्या पाण्याची माहिती शेजारी का लपवेल? त्यात त्याचा काय फायदा?

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर हा प्रश्न माझ्याकडे रागानं विचारला जातो, आणि राग समजण्यासारखा आहे. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी आपण घड्याळासारखी बघतो. ४५ फूट ही धोक्याची रेषा.

माहिती लपवण्यात फायदा असतो, हे आधी मान्य करू. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग जाहीर झाला तेव्हा कित्येक देशांनी विमानं थांबवली, माल अडवला. खरं सांगणाऱ्यालाच फटका बसला, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? २००३ च्या सार्सनंतर २००५ मध्ये आरोग्याचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले. गंभीर साथ असल्याचं ठरलं की २४ तासांत कळवायचं, आणि सरकारनं कळवलं नाही तरी जागतिक आरोग्य संघटना इतर मार्गांनी आलेली माहिती वापरू शकते. दुसरी अट महत्त्वाची. लपवूनही लपणार नसेल, तर लपवण्यातला फायदा आपोआप घटतो.

नद्यांचं असंच. ब्रह्मपुत्रेच्या पुराचे आकडे चीननं पावसाळ्यात भारताला द्यायचे असा समझोता होता. २०१७ मध्ये, डोकलामला दोन्ही सैन्यं समोरासमोर आली त्या तणावाच्या वर्षी, ते आले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले.

कृष्णेवर दोन देश नाहीत, दोन राज्यं आहेत, पण कळ तीच. धरण सांभाळणाऱ्या अभियंत्याचं वर्षाचं काम पावसाळ्याअखेर धरण भरलेलं असण्यावर तोललं जातं. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) कोयना असो की खाली कर्नाटकातलं अलमट्टी, पुरासाठी जागा रिकामी ठेवली आणि परतीचा पाऊस आला नाही, तर दोष त्याच्या माथी. उशिरा सोडलं तर पाणी चढतं ते दुसऱ्याच्या घरात. लबाड माणूस शोधण्यापेक्षा हा हिशोब बदलणं जास्त कामाचं आहे. कोणत्या तारखेला किती पातळी, हे दोन्ही राज्यांनी मिळून ठरवायचं आणि विसर्ग तासातासाला उघड करायचा. २०२१ च्या पावसाळ्याआधी दोन्ही राज्यांचे नेते बंगळुरूत याच समन्वयासाठी बसले. पूर त्या वर्षीही आला, आणि मोठा आला. म्हणून ती बैठक वाया गेली असं मी म्हणणार नाही. एका बैठकीचं रोजच्या सवयीत रूपांतर व्हायला वर्षं लागतात.

सिंधू करार तीन युद्धांत टिकला. मग २०२५ मध्ये काय झालं?

टिकला कारण त्याची आखणी अविश्वास धरून केलेली होती. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सही केली, जागतिक बँक मध्यस्थ होती. पाणी वाटण्याऐवजी नद्याच वाटल्या. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला, भारताला त्यांवर मर्यादित वापर आणि वीजप्रकल्पांची मुभा. रोज मोजमापावरून भांडायची वेळच कमी ठेवली. पाकिस्तानला नवे कालवे बांधायला इतर देशांनी पैसा दिला, भारतानंही ६ कोटी २० लाख पौंड दिले. दोन्ही बाजूंच्या आयुक्तांनी वर्षातून एकदा तरी भेटायचं बंधन घातलं. १९६५, १९७१, १९९९ मध्ये तोफा चालू असतानाही करार राहिला.

पण अशी आखणी काळाबरोबर बदलायला अवघड जाते. भारतानं २०२३ आणि २०२४ मध्ये फेरबदलाची मागणी लेखी केली, ती अडकली. पहलगामचा हल्ला २२ एप्रिल २०२५ चा. दुसऱ्याच दिवशी भारतानं करार स्थगित केला. करारात एकतर्फी बाहेर पडण्याचं कलम नाही, म्हणून 'रद्द' नव्हे तर 'स्थगित' हा शब्द आला. पाण्याचा करार पाण्याच्या भांडणांना पुरतो. दहशतवादाचा हिशोब त्यात मांडलेलाच नव्हता, आणि तो सतत बाहेरून येऊन आदळत राहिला.

कृष्णा पाणी तंटा लवाद आंतरराष्ट्रीय कायद्यात येतो का?

नाही. राज्यघटनेच्या कलम २६२ खाली केलेल्या कायद्यानुसार तो केंद्र सरकार नेमतं. बच्छावत लवादानं ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं मिळणारं, २,०६० टीएमसी पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या आंध्राला ८०० टीएमसी दिलं. ब्रिजेशकुमार लवादानं २०१० मध्ये अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला मान्यता दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडलं. वर न्यायालय असूनही पन्नास वर्षं भांडण चालतं. म्हणून 'वर पोलीस असता तर देश नीट वागले असते' हे मला पुरतं पटत नाही.

सध्या कोणता करार बघत राहावा?

भारत आणि बांगलादेश यांच्यातला गंगेचा. १२ डिसेंबर १९९६ ला तेव्हाचे पंतप्रधान देवेगौडा आणि शेख हसीना यांनी दिल्लीत सही केली. मुदत ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. जानेवारी ते मे या काळात फराक्का बंधाऱ्याचं पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशोबानं वाटायचं. प्रवाह ७० हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. आणि ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या दिवसांत दोघांना आलटून पालटून दहा दिवस ३५ हजार क्युसेकची हमी. आपल्या पाटावरची पाणीपाळीच ती. हे सांगितलं की वर्गातली शेतकऱ्यांची मुलं पुढं सरसावून बसतात. मात्र प्रवाह ५० हजारांखाली गेला तर काय करायचं, याचं उत्तर करारात 'दोन्ही सरकारांनी तातडीनं चर्चा करावी' एवढंच आहे. पाळीपत्रकात नेमकं दुष्काळाचं पान कोरं ठेवावं, तसं ते झालं आहे. नवा मसुदा आला की मुलांना मी आधी तेच कलम उघडायला सांगणार आहे.